सारायेव्होचं वळण

२८ जून १९१४, रविवार. सारायेव्होच्या नगरभवनातून मोटारींचा ताफा परत निघाला तेव्हा काउंट हाराख आपल्या जागेवर बसला नाही. मोटार त्याच्याच मालकीची होती. मागच्या सीटवर ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी बसली होती. तासाभरापूर्वी याच रस्त्यानं येताना नदीच्या बाजूनं एक बॉम्ब आला होता. म्हणून हाराख नदीच्या बाजूला, मोटारीच्या डाव्या पायरीवर उभा राहिला. पुन्हा काही आलं तर आधी आपल्या अंगावर यावं, हा त्याचा हिशेब. काही मिनिटांनी गोळ्या आल्या त्या उजवीकडून. दोनच. युवराजाच्या मानेत एक, सोफीच्या पोटात एक. हाराखला ओरखडाही उठला नाही.

गेल्या शंभर वर्षांत या खुनाभोवती योगायोगांच्या कहाण्यांचं रान माजलं आहे. त्यातली एखादी तरी आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मोटारीच्या नंबरप्लेटवर महायुद्धाच्या अखेरची तारीख होती म्हणे. मारेकरी सँडविच खायला थांबला म्हणून युवराज त्याच्या तावडीत सापडला म्हणे. ती मोटार शापित होती, पुढं तिनं प्रत्येक मालकाचा बळी घेतला म्हणे. हे ‘म्हणे’ बाजूला सारायचं, आणि तरीही जे उरतं ते नीट मांडायचं, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं. उरलेलं काही कमी नाही. उलट ऐकीव कहाण्यांपेक्षा तेच जास्त चक्रावून टाकणारं आहे.

फुटकळ गोष्टी आधी उरकतो. शापित मोटार व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहे. खुनानंतर ती कोणा दुर्दैवी मालकांच्या हाती फिरली नाही, त्याच वर्षी संग्रहालयात जमा झाली. तिथं काचेमागे युवराजाचा रक्ताळलेला निळा अंगरखाही आहे. शापाची कथा तिखटमीठ लावून लोकप्रिय केली ती पुढच्या काळातल्या चमत्कारकथा लिहिणाऱ्यांनी.

नंबरप्लेट मात्र खरी आहे. जुन्या छायाचित्रांत ती स्पष्ट दिसते: आधी ‘ए’ हे अक्षर, मग रोमन तीन म्हणजे तीन उभ्या रेघा, मग ११८. सगळं सलग वाचलं की ११-११-१८, म्हणजे ११ नोव्हेंबर १९१८, पश्चिम आघाडीवर तोफा थांबल्या तो दिवस. पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो हे कबूल. पण ‘ए’ ही व्हिएन्नाची खूण होती, आणि रोमन आकडा हा नोंदणीच्या मालिकेचा क्रमांक. त्या काळी ही पाटी कोणीही आकड्यांची सलग रांग म्हणून वाचली नसती. शिवाय मोटार ऑस्ट्रियाची, युवराज ऑस्ट्रियाचा, आणि ऑस्ट्रियानं युद्धविराम केला तो ३ नोव्हेंबरला. ११ तारीख जर्मनीची. नियतीला भविष्य लिहायचंच होतं तर तिनं शेजाऱ्याची तारीख का निवडली असती? तारीख आपल्याला आधीच ठाऊक असते आणि आपण तिला बसेल अशी पाटी शोधतो, इतकंच.

सँडविचची कहाणी अलीकडची आहे. एका ब्रिटिश टीव्ही माहितीपटानंतर ती जगभर पसरली आणि शाळांच्या वर्गांपर्यंत पोचली. ती मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती खोटी आहे एवढंच नाही, तिच्यामुळं खरी गोष्ट झाकली जाते. ती खरी गोष्ट इथं थोडी सविस्तर सांगतो.

आदल्या संध्याकाळी युवराजाचा मुक्काम सारायेव्होजवळच्या इलिजा या गरम झऱ्यांच्या गावी होता. दोन दिवसांच्या लष्करी कवायती पार पडल्या होत्या. राहिला होता फक्त रविवारचा शहरातला समारंभ. जेवणानंतर युवराजाच्या खासगीतल्या माणसांनी सुचवलं की उद्याचा कार्यक्रम रद्द करावा, इथूनच परत फिरावं. बोस्नियाचा गव्हर्नर जनरल पोटियोरेक. त्याचा एडीसी मेरित्सी हजर होता. त्यानं मोडता घातला. असं केलं तर गव्हर्नरसाहेबांचा अपमान होईल, असं त्याचं म्हणणं. कार्यक्रम कायम राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपेल क्वे या नदीकाठच्या रस्त्यावर अर्धा डझन पोरं गर्दीत विखरून उभी होती. बहुतेक विशीच्या आतबाहेरची. कमरेला बॉम्ब, खिशात पिस्तूल, पुडीत सायनाइड. पहिल्या मेहमेदबाशिचनं काहीच केलं नाही. नेदेल्को चाब्रिनोविचनं बॉम्ब फेकला. तो युवराजाच्या मोटारीच्या दुमडलेल्या टपावर आपटून मागे घरंगळला आणि मागच्या मोटारीखाली फुटला. त्या मोटारीत जे जखमी झाले त्यांत मेरित्सी होता. आदल्या रात्री ज्यानं कार्यक्रम रद्द होऊ दिला नाही, तोच.

चाब्रिनोविचनं सायनाइड तोंडात टाकलं आणि मिल्यात्स्का नदीत उडी घेतली. विष जुनं, निकामी झालेलं होतं. त्याला फक्त ओकाऱ्या झाल्या. उन्हाळ्यामुळं नदीत पाणी घोट्याएवढं. लोकांनी त्याला काठावर ओढून बडवला आणि पोलिसांनी नेला. बाकीच्यांचं अवसान तिथंच गळालं. ताफा नगरभवनात पोचला. महापौरानं पाठ केलेलं स्वागताचं भाषण जसंच्या तसं सुरू केलं, आणि युवराज त्याच्यावर उखडला. युवराजाच्या स्वतःच्या भाषणाचा कागद बॉम्बनं जखमी झालेल्यांच्या मोटारीत राहिला होता. तो आणून दिला तेव्हा त्यावर रक्त होतं.

मग युवराजानं ठरवलं की आधी इस्पितळात जाऊन मेरित्सीला भेटायचं. त्यासाठी मार्ग बदलला. छापील कार्यक्रमाप्रमाणे परतीच्या वाटेवर लॅटिन पुलापाशी उजवीकडे, फ्रान्झ जोसेफ रस्त्यावर वळायचं होतं. आता न वळता नदीकाठानं सरळ जायचं ठरलं. हा बदल मोठ्या साहेबांनी आपसात ठरवला. ड्रायव्हरांना कोणी सांगितला नाही. असे निरोप पोचवणं हे एडीसीचं काम, आणि एडीसी इस्पितळात पडलेला.

पुढची मोटार ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळली. युवराजाचा ड्रायव्हर लोयका तिच्यामागे वळला. पोटियोरेक त्याच मोटारीत होता. तो ओरडला की इकडून नाही, सरळ. लोयकानं ब्रेक मारला. कोपऱ्यावर शिलरचं खाद्यपदार्थांचं दुकान होतं आणि दुकानासमोर त्या पोरांपैकीच एक, गाव्रिलो प्रिन्सिप, उभा होता, मोटारीपासून दीड-दोन मीटरवर. मोटार मागे घेण्यासाठी थांबलेली. हलणारं लक्ष्य आयतंच स्थिर होऊन पुढ्यात आलं.

आता प्रिन्सिप तिथं का होता? सँडविचसाठी नाही. त्याच्या कोर्टातल्या जबानीत सँडविच कुठंही नाही. युवराजाचा मार्ग लोकांनी स्वागताला यावं म्हणून वर्तमानपत्रांत आधीच छापून आला होता. बॉम्ब फसल्यावर परतीच्या वाटेवर गाठायचं म्हणून प्रिन्सिप त्या कोपऱ्यावर गेला, कारण छापील मार्गाप्रमाणे मोटार तिथं वळणार होती. लोयका वळला तोही त्याच छापील मार्गाप्रमाणे. मारेकरी आणि ड्रायव्हर दोघांकडे एकच कार्यक्रमपत्रिका होती. ती बदलल्याचं दोघांनाही ठाऊक नव्हतं.

याला योगायोग म्हणायचं का? अर्धा म्हणता येईल. बॉम्ब नेमका मेरित्सीला लागावा आणि त्यामुळं निरोप पोचवणारा माणूसच जागेवर नसावा, हे कोणी ठरवून करू शकलं नसतं. पण उरलेला अर्धा भाग शुद्ध गलथानपणा आहे. बॉम्ब पडल्यानंतरही रस्ता मोकळा केला नाही. हजारो सैनिक कवायतींसाठी शहराबाहेर होते, त्यांना आत आणलं नाही. समारंभाला शोभतील असे गणवेश त्यांच्याजवळ नाहीत, हे कारण. बंदोबस्त होता तो शंभर-सव्वाशे पोलिसांचा. चारच वर्षांपूर्वी, १९१० साली, म्हातारा सम्राट फ्रान्झ जोसेफ याच शहरात आला होता तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले होते. त्या भेटीत बोगदान झेरायिच नावाच्या विद्यार्थ्याला सम्राटावर गोळी झाडायची होती. ते जमलं नाही. मग काही दिवसांनी त्यानं तेव्हाच्या गव्हर्नरवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही हुकल्या, सहावी त्यानं स्वतःवर झाडली. प्रिन्सिप खुनाच्या आदल्या रात्री त्याच्या थडग्यावर जाऊन आला होता. म्हणजे धोका आहे हे सरकारला माहीत होतं आणि बंदोबस्त कसा करायचा हेही माहीत होतं. पोटियोरेकला खुनाबद्दल कोणतीही शिक्षा झाली नाही. त्याच वर्षी त्याला सर्बियावर चाल करून जाणाऱ्या फौजांचं नेतृत्व मिळालं. तिथं सपाटून मार खाल्ल्यावरच तो घरी बसला.

आपल्याकडचा एक दाखला इथं आठवतो. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट होता. त्याच्यावरही गोळी झाडली गेली आणि तो जागीच गेला. योगायोगाच्या कथांना हे चांगलं खाद्य आहे. पण रँडचा खून योगायोगानं झाला असं पुण्यात कोणी म्हणत नाही. प्लेगच्या काळातली घरझडती, बाहेर काढून फेकलेलं सामान, देवघरात शिरलेले सोजीर, हे सगळं आपल्याला माहीत असतं, म्हणून. सारायेव्होच्या बाबतीत ती बाजू आपल्याला माहीत नसते. १९०८ साली ऑस्ट्रियानं बोस्निया गिळला, तिथला शेतकरी अजून जमीनदाराच्या वेठीला होता, प्रिन्सिपचं घराणं अशाच कुळांचं, त्याच्या सहा भावंडांनी लहानपणीच डोळे मिटले. आणि पलीकडे बेलग्रेडमध्ये सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख कर्नल दिमित्रियेविच, ज्याला ‘आपिस’ म्हणत, त्याच्या माणसांनी या पोरांना पिस्तुलं आणि बॉम्ब दिले, सरहद्द पार करून दिली. या गोष्टी गाळल्या की गोष्टीत फक्त एक ड्रायव्हर आणि एक सँडविच उरतं. म्हणून या पुस्तकात पहिली तीन प्रकरणं बोस्नियाची आहेत. वाचकाला ती ओलांडून थेट मोटारीपाशी जावंसं वाटेल. मीही वाचक म्हणून तेच केलं असतं.

खरोखर चक्रावणारे प्रसंग वेगळेच आहेत. फ्रान्झ फर्डिनांडला शिकारीचं वेड होतं. वेड हा शब्दही कमी पडेल. त्याच्या शिकारवहीत आयुष्यभरात मारलेल्या जनावरांचा आकडा पावणेतीन लाखांच्या घरात आहे. १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्यानं आल्प्समध्ये एक पांढरा शॅम्वा मारला. शॅम्वा म्हणजे डोंगरकड्यांवरचं हरणासारखं जनावर, आणि पांढरा शॅम्वा लाखात एखादा. तो मारणारा वर्षाच्या आत मरतो, असं तिकडचे शिकारी मानत. युवराज दहा महिन्यांत गेला. शॅम्वा मारला त्याच वर्षी नोव्हेंबरात तो इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ पोर्टलंडच्या वेल्बेक इस्टेटीवर शिकारीला गेला होता. जमिनीवर बर्फ होतं. बंदुकी भरून देणारा एक माणूस पाय घसरून पडला, हातातल्या बंदुकीच्या दोन्ही नळ्या उडाल्या, आणि छर्रे युवराजाच्या अगदी जवळून गेले. ड्यूकनं पुढं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं की युवराज तेव्हाच गेला असता तर महायुद्ध टळलं असतं किंवा निदान लांबलं असतं की काय, असं त्याला वाटत राहतं.

पांढऱ्या शॅम्वाकडे मी संशयानं पाहतो. जो माणूस पावणेतीन लाख जनावरं मारतो, त्याच्या हातून सगळ्या अशुभ जनावरांची शिकार कधी ना कधी होणारच. वेल्बेकच्या छर्ऱ्यांचं मात्र तसं नाही. त्यात अंधश्रद्धा नाही, आकड्यांची ओढाताण नाही. एक पाय घसरला, आणि शेकडो मैल दूर असलेल्या कोट्यवधी माणसांचं आयुष्य त्या पावलावर काही क्षण लटकून राहिलं. याला उत्तर नाही.

२८ जून ही तारीख हा तर स्वतंत्र विषय आहे. सर्बियन लोकांचा तो विदोव्दान, सेंट व्हायटसचा दिवस. १३८९ साली कोसोव्होच्या मैदानात ऑटोमन सैन्याशी लढताना सर्ब राजा लाझार पडला तो हाच दिवस, आणि त्याच दिवशी एका सर्ब सरदारानं सुलतान मुरादचा खून केला अशी परंपरा. परकीय सत्तेच्या वारसानं याच दिवशी सर्बांच्या वस्तीत मिरवणूक काढावी, याला योगायोग म्हणायचं की अडाणीपणा? सारायेव्होत राहणाऱ्या कोणाही सर्बानं पंचांग न बघता ही चूक सांगितली असती.

पण याच तारखेला दुसरा धागाही आहे. सोफी राजघराण्यातली नव्हती, बोहेमियातल्या सरदार घराण्यातली होती. तिच्याशी लग्न करण्यासाठी युवराजाला आपली मुलं गादीवर बसणार नाहीत अशी शपथ घ्यावी लागली. ती शपथ व्हिएन्नाच्या राजवाड्यात घेतली गेली २८ जून १९०० रोजी, बरोबर चौदा वर्षं आधी. दरबारात सोफीला नवऱ्याच्या शेजारी चालायची मुभा नव्हती. सारायेव्होत मात्र तो लष्कराचा महानिरीक्षक म्हणून आला होता, त्यामुळं ती उघड्या मोटारीत त्याच्या शेजारी बसू शकली. तो मान तिला इतर ठिकाणी क्वचितच मिळायचा. मेल्यावरही तो मिळाला नाही. हाब्सबुर्गांच्या कापुचिन तळघरात तिला जागा नव्हती, म्हणून दोघांना आर्टश्टेटनच्या गढीत पुरलं. शवपेट्या डॅन्यूब ओलांडून नेताना मध्यरात्री वादळ झालं, घोडे बिथरले आणि पेट्या नदीत जाता जाता वाचल्या.

२८ जूनची यादी पुढंही वाढते. १९१९ साली व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्या याच दिवशी. १९२१ ची युगोस्लाव्हियाची राज्यघटना याच दिवसाची, १९८९ चं मिलोशेविचचं कोसोव्होतलं भाषण याच दिवसाचं. यातल्या काही तारखा माणसांनी मुद्दाम निवडल्या आहेत. एकदा दिवस गाजला की पुढचे लोक त्याच दिवसाला मुहूर्त मानतात, आणि नंतरच्यांना तो योगायोग वाटतो.

मराठी वाचकाला रस वाटेल असा एक धागा मुंबईचा आहे. १८९३ च्या जानेवारीत हाच फ्रान्झ फर्डिनांड जगप्रवासात मुंबईत उतरला होता. पुढं तो निजामाच्या हैदराबादेत गेला, वाघांमागे फिरला. तो ज्या युद्धनौकेनं आला तिचं नाव ‘कैसरिन एलिझाबेथ’, म्हणजे त्याच्या काकूचं, सम्राज्ञीचं नाव. त्या सम्राज्ञीचा १८९८ साली जिनिव्हात एका इटालियन अराजकवाद्यानं खून केला. त्याला मारायचा होता दुसराच राजपुत्र, तो आला नाही म्हणून ही सापडली. आणि ती युद्धनौका? युवराजाच्या खुनातून पेटलेल्या युद्धात, १९१४ च्या नोव्हेंबरात, चीनमधल्या त्सिंगताओच्या वेढ्यात तिच्याच खलाशांनी ती बुडवली. हा योगायोग मी स्वतः जुळवला आहे, कुठल्या यादीतून घेतलेला नाही. तो जुळवायला एक संध्याकाळ पुरली. असे आणखी हवे असतील तर वाचकालाही जुळवता येतील. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्यात आले ते खून झाला त्याच जून महिन्याच्या मध्यावर, हे घ्या सुरुवातीला.

एक प्रकरण प्रिन्सिपच्या वयावर आहे, आणि लिहिताना मी त्यावरच जास्त रेंगाळलो. ऑस्ट्रियाच्या कायद्याप्रमाणे वीस वर्षांखालच्या गुन्हेगाराला फाशी देता येत नव्हती. चर्चच्या नोंदवहीत प्रिन्सिपचा जन्म १३ जुलै १८९४ चा, जुन्या पंचांगाप्रमाणे. त्या दिवशी गॅब्रिएल या देवदूताचा सण, म्हणून पाद्र्यानं नाव गाव्रिलो ठेवलं. सरकारी नोंदीत मात्र जुलैऐवजी जून पडलं होतं. जून खरा धरला असता तर खुनाच्या दिवशी तो नुकताच विशी ओलांडलेला, म्हणजे फाशीला पात्र. जुलै धरला तर विशीला महिनाही उरलेला नाही. कोर्टानं जुलै धरला. त्याला वीस वर्षांची सक्तमजुरी झाली. तेरेझिनच्या किल्ल्यात क्षयानं त्याचा एक हात कापावा लागला आणि एप्रिल १९१८ मध्ये, युद्ध संपायच्या आधीच, तो मेला. स्वतः हत्यार न चालवलेले तिघं वयानं मोठे होते म्हणून १९१५ साली फासावर गेले. आणि त्या दिवशी खिशातलं पिस्तूल बाहेर न काढणारा सतरा वर्षांचा वासो चुब्रिलोविच पुढं इतिहासाचा प्राध्यापक झाला, युगोस्लाव्हियाचा मंत्री झाला आणि १९९० पर्यंत जगला.

शेवटचं प्रकरण खुनानंतरच्या पाच आठवड्यांचं आहे. त्यात योगायोग जवळजवळ नाहीत. ५ जुलैला जर्मन सम्राटानं ऑस्ट्रियाला वाटेल ते करायची मोकळीक दिली. २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची नोटीस गेली. २८ जुलैला युद्ध पुकारलं गेलं. ही सगळी माणसं टेबलाशी बसून, कागद वाचून, सह्या करत होती. त्यातला ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड वर्षानुवर्षं सर्बियावर चढाई मागत होता, आणि त्याला अडवणारा दरबारातला वजनदार माणूस होता खुद्द फ्रान्झ फर्डिनांड. त्याच युद्धात पुढं मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कुतच्या वेढ्यात उपासमारीनं झिजल्या. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावात त्या युद्धात पडलेल्यांचं स्मारक आहे. त्या माणसांना बसऱ्यापर्यंत कोणी नेलं याचा माग काढायचा तर लोयकाच्या ब्रेकपाशी थांबून चालत नाही, या टेबलांपर्यंत यावं लागतं. लोयकावर पुस्तकात पानभर मजकूर आहे, या टेबलांवर साठ पानं आहेत, ती याचसाठी.

थोडं नावांबद्दल आणि तारखांबद्दल. दक्षिण स्लाव्ह नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, त्यामुळं इंग्रजी पुस्तकांतून ओळखीची झालेली काही नावं इथं वेगळी दिसतील. रस्त्यांची नावं १९१४ ची ठेवली आहेत. त्यांतली बरीच तेव्हापासून बदलली आहेत, काही तर एकाहून अधिक वेळा. सर्बियन चर्चचं जुनं पंचांग विसाव्या शतकात तेरा दिवस मागे चालतं, एकोणिसाव्यात बारा. तारखा सगळीकडे नव्या पंचांगाप्रमाणे दिल्या आहेत. प्रिन्सिपच्या जन्माची नोंद तेवढी जुन्या पंचांगात राहू दिली, कारण कोर्टापुढं वाद होता तो त्याच नोंदीचा.